बर्फाचे पैसे

१८ ऑगस्ट, शुक्रवार

आज पैसे आले. चौदा हजार दोनशे डॉलर. बँकेतल्या मुलीकडून दोनदा कागद छापून घेतला. पहिल्या कागदावर शाई फिकी होती.

हे बर्फाचे पैसे. आमची नात सेल्मा जन्मली त्या हिवाळ्यात मी राज्याच्या शिक्षण-बचत योजनेत तिच्या नावाने खातं उघडलं. वादळ आलं की काउंटीचे रस्ते मोकळे करायला मी बर्फाचा ट्रक काढायचो, आणि त्या जादा तासांचे पैसे सरळ त्या खात्यात टाकायचो. नोकरीचे शेवटचे अकरा हिवाळे असंच केलं. माझ्या बायकोनेही, लेम्पीने, त्यातला एक सेंट कधी घरखर्चाला मागितला नाही. नंतर ते पैसे तिथे आपले आपण वाढत राहिले. शिक्षणावर खर्च केले तर या वाढीवर कर नाही. दुसरीकडे वळवले तर कर, आणि वर दहा टक्के दंड. एवढा एक नियम मला पाठ आहे.

सेल्माचं कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू होतंय. वर्षाचे दोन हप्ते, प्रत्येकी सात हजार शंभर. मी दोन्ही एकदम काढून घेतले.

लेम्पी म्हणाली, "अर्धेच काढायचे होतेस. जानेवारीचे जानेवारीत काढता आले असते."

"तो फॉर्म पुन्हा कोण भरणार? मागच्या खेपेला सहीच्या जागी तारीख लिहिली म्हणून परत आला होता."

"तारखेच्या जागी सही केलीस तेही सांग."

पहिला हप्ता लगेच भरला. दुसरा माझ्या बँकेत स्वतंत्र ठेवलाय. त्याला हात लावायचा नाही.

दुपारी पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर माझ्या मित्राला, वॉलीला, सांगितलं, की आमच्या घराण्यातली पदवी घेणारी पहिली सेल्माच असेल. हिशेबनीस होणार. वॉली म्हणाला, "हे तू मला गेल्या ऑगस्टमध्येही सांगितलंस, रेनो." सांगितलं असेन. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून लाकूडतोडीला गेलो. दोनदा सांगायचा मला हक्क आहे.

१ नोव्हेंबर, बुधवार

स्वयंपाकघरात नवं कॅलेंडर लावलं. रस्ते खात्याचं कॅलेंडर नोव्हेंबरपासून सुरू होतं, कारण आमचा हंगाम तेव्हा सुरू होतो. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गॅरेजवाले मला एक आणून देतात. आमच्या घरी वर्ष म्हणजे हेच.

२२ नोव्हेंबर, बुधवार

उद्या थँक्सगिव्हिंग. सेल्मा आज आली. सुट्टी चार दिवसांची आणि सामान सगळं. खोके, गादीवरचं पांघरूण, टेबलावरचा दिवासुद्धा.

"दिवा कशाला आणलास?"

"बिघडलाय, उक्की." आमच्या फिनिश लोकांत आजोबांना उक्की म्हणतात. मी लावून पाहिला तर चांगला लागला. ती म्हणाली, "इथली वीज बरी असेल."

हात फार खराब झालेत तिचे. नखांत काळं बसलंय. संध्याकाळी ती कॉलेजजवळच्या एका कॅफेत काम करते. तिथली भट्टी कोणी साफ करत नसावं. मी गॅरेजात वापरायचो तो खरबरीत नारिंगी साबण तिला दिला. तो बघून ती हसली, म्हणाली, "हा मला माहीत आहे." कुठून माहीत असणार?

२६ नोव्हेंबर, रविवार

सेल्मा गेली. खोके इथेच ठेवून गेली. जाण्याआधी माझ्या पिकअपचं पुढचं, बर्फ ढकलायचं पातं दुरुस्त करून गेली. दोन हिवाळे ते डावीकडून वर उचललं जात नव्हतं. मी म्हणत होतो पंप गेला. ती खाली शिरली आणि म्हणाली पंप ठीक आहे, नळी आतून फुगलीय. चाळीस मिनिटांत काम झालं. मी नुसता विजेरी धरून उभा होतो. पोरीचं डोकं चांगलं आहे. हिशेबात नाव काढेल.

१२ डिसेंबर, मंगळवार

आज जेवण गेलं नाही.

योजनेच्या कचेरीला फोन केला होता, तो फक्त आमच्या टपालपेटीचा क्रमांक बदललाय हे सांगायला. फोनवरच्या बाईने पत्ता लिहून घेतला आणि सहज विचारलं, "यंदा काढलेले पैसे यंदाच वापरून झालेत ना, मिस्टर कार्व्होनेन?"

मी म्हटलं, "अर्धे झाले. उरलेले जानेवारीत भरायचेत."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला करसल्ला देता येत नाही."

"मी सल्ला मागितलाच नाही. तुम्ही गप्प का झालात ते सांगा."

"एवढंच सांगते. साधारणपणे ज्या वर्षी पैसे काढले त्याच वर्षी फी भरलेली असावी. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर."

"कॉलेजचं वर्ष ऑगस्ट ते मे असतं."

"करवाल्यांचं नसतं."

"ते परत टाकता येतील का?"

"दुसऱ्या अशाच खात्यात हलवायला साठ दिवस असतात." ऑगस्टपासून साठ दिवस केव्हाच उलटले. शेवटी तिने हळूच विचारलं, "जानेवारीच्या सत्राची फी डिसेंबरात भरता येत नाही का? बरेच जण तसं करतात."

फोन ठेवला आणि कॅलेंडरसमोर उभा राहिलो. त्यावर डिसेंबर हा दुसरा महिना आहे. मला कसं कळणार?

लेम्पीने कागदावर मांडून दाखवलं. सात हजार शंभरातली वाढ सुमारे दोन हजार आठशे. त्यावरचा कर आणि दंड मिळून सहासातशे डॉलर जातील. "मेला नाहीस तू," ती म्हणाली. पण सातशे डॉलर म्हणजे किती वादळं ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. एक तर एकोणीस तासांचं होतं.

१३ डिसेंबर, बुधवार

रात्री झोप नव्हती, पण आता बरं वाटतंय. बरं काय, अंगात जोर आलाय. एकोणीस दिवस आहेत. काम एकच: बिल घ्यायचं, चेक द्यायचा, पावती आणायची. सेल्माला फोन केला.

"बिल आलं का गं?"

"कसलं?"

"जानेवारीचं. एकतीस तारखेच्या आत भरायचंय." सगळं समजावलं. ती म्हणाली, "करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, उक्की. पहिल्याच आठवड्यात शिकवलं आम्हाला." मग म्हणाली, "बघते मी." परीक्षा चालू आहेत तिच्या, आवाज थकलेला होता.

२१ डिसेंबर, गुरुवार

आठ दिवस ती "बघते" म्हणतेय. उद्यापासून कॉलेजची कचेरी बंद, ती दोन जानेवारीला उघडणार. तिला न सांगता मी स्वतःच गेलो. नव्वद मैल. चेकबुक आतल्या खिशात, वर बटण. लेम्पीने पास्टी बांधून दिली होती, मटण-सलगम भरून भाजलेली मोठी करंजीच ती. ती गाडीतच खाल्ली म्हणून वेळ वाचला.

खिडकीवर एक उंच बाई. मी नाव सांगितलं, नातीचं नाव सांगितलं, चेक पुढे केला. तिने यंत्रात पाहिलं.

"या खात्यावर भरायला काही नाही."

"मग कोणी भरले?"

"कोणी नाही. बिलच नाही."

"अजून निघालं नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मला याहून जास्त सांगता येत नाही. विद्यार्थी सज्ञान आहे. तिची परवानगी लागते."

"बाई, मी माहिती मागत नाही. मी पैसे देतोय."

"ते कळतंय मला. तुम्ही नातीशी बोला." आणि मग, चेक माझ्याकडे परत सरकवताना, अगदी हळू, "आजच बोला."

पैसे घ्यायला नकार देणारी सरकारी खिडकी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. यंत्र बिघडलं असणार आणि कबूल करायला नको असणार. येताना सेल्माला गाडीत घेऊन आलो. नाताळाची सुट्टी लागलीच होती. तिला सांगितलं, कॉलेजचं यंत्र बंद पडलंय. ती म्हणाली, "मी चालवू का गाडी?"

२३ डिसेंबर, शनिवार

शनिवार म्हणून सौना तापवली. घरामागची ती लाकडी वाफेची खोली मी आणि माझ्या भावाने बांधली. आधी मी आटपलं, मग लेम्पी आणि सेल्मा गेल्या. एरवी वीस मिनिटं बसतात. आज सव्वा तास. मी दोनदा दार वाजवलं, बेशुद्ध तर नाही ना पडल्या म्हणून. आतून लेम्पी ओरडली, "मेलो नाही आम्ही, जा तू."

लेम्पी बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, वाफ फार झाली. जेवताना मी पुन्हा बिलाचा विषय काढला तर म्हणाली, "नाताळ होऊ दे, रेनो." नाताळ झाल्यावर सहाच दिवस उरतात हे तिला दिसत नाही.

२७ डिसेंबर, बुधवार

चौदा इंच बर्फ. सकाळी खात्याचा ट्रक आमच्याच वळणावर बंद पडला. तेलाचा दाब गेला. सेल्मा माझा जुना कोट घालून बाहेर गेली आणि चालकाबरोबर बराच वेळ बॉनेटखाली डोकं घालून उभी होती. ट्रक सुरू झाला. चालक हात हलवत म्हणाला, "हिला आमच्याकडे पाठवा."

मी म्हटलं, "ती कॉलेजात आहे."

खिडकीतून पाहिलं तर लेम्पी माझ्याकडेच बघत होती.

चार दिवस. त्यात शनिवार-रविवार.

२८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं. शुक्रवारवर बोट ठेवलं. म्हटलं, "हा शेवटचा कामाचा दिवस. सेल्मा, आज मला खरं सांग. ते बिल कुठे आहे?"

"उक्की, बसा जरा."

"मी बसलेलोच आहे."

"बिल निघणार नाही. मी जानेवारीसाठी नावच नोंदवलं नाही. मी तिथे परत जात नाहीये."

"नापास झालीस?"

"नाही. हिशेबात पहिला वर्ग आहे."

"मग?"

"मग काही नाही. बसवत नाही मला तिथे. सप्टेंबरपासून मी कॅफेत नाही, ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात जाते. संध्याकाळी सहाची वाट बघत दिवस काढते." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "नदीपलीकडच्या दोन वर्षांच्या कॉलेजात डिझेल आणि अवजड यंत्रांचा अभ्यासक्रम आहे. माझं नाव लागलंय. आठ जानेवारीपासून. तुमच्या बर्फाच्या पैशांतून मागायचं नव्हतं मला. ते पदवीसाठी होते."

मी उठलो. बाहेर गेलो, फावडं घेतलं. कॉफीच्या टेबलावर मी काय काय बोललो होतो ते सगळं आठवत होतं. वॉलीचं तोंड दिसत होतं. एकोणीस तासांचं ते वादळ आठवलं. तेव्हा मी ट्रकमध्ये स्वतःला जागं ठेवायला मोठ्याने म्हणत होतो, की ही पोर कधी असल्या थंडीत उभी राहणार नाही.

लेम्पी पायरीवर आली. "रेनो, आत ये. जिथे बर्फच नाही तिथे काय ढकलतोस?"

खरंच, वाट सकाळीच साफ केली होती.

"तुला माहीत होतं?"

"शनिवारपासून. सौनात बोललेलं बाहेर सांगत नाहीत."

"यंत्र बिघडलं नव्हतं तर."

"कुठलं यंत्र?"

आत आलो. सेल्मा तशीच बसली होती, हात टेबलाखाली लपवून. मला फार बोलायचं होतं. पण टेबलावर कॅलेंडर होतं आणि माझं बोट जिथे होतं तिथे ओल उमटली होती. मी विचारलं, "त्या कॉलेजची फी बचत योजनेत चालते का?"

तिने वर पाहिलं. "चालते. सरकारी यादीत आहे ते. मी बघून ठेवलंय."

"उद्या उघडं आहे?"

"बारापर्यंत."

रागावायचं राहूनच गेलं. वेळ नव्हता.

२९ डिसेंबर, शुक्रवार

सत्तर मैल. सेल्माने चालवली. मी घड्याळ आणि रस्ता दोन्ही बघत होतो. पुलाच्या अलीकडे एक लाकडाचा ट्रक आडवा झाला होता, तिथे पंचवीस मिनिटं गेली. खरं सांगायचं तर मजा येत होती. नोकरीत वादळाच्या पहाटे व्हायचं तसं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी खिडकीसमोर होतो. तिथली मुलगी म्हणाली, "घाई नाही काका, बारा जानेवारीपर्यंत मुदत आहे."

"बाई, मला आहे घाई. पावतीवर आजची तारीख येईल ना?"

"येईल."

"आणि वर्ष?"

"वर्षसुद्धा," ती म्हणाली.

फी फक्त दोन हजार सहाशे चाळीस. मी आनंदाने चेक फाडून दिला आणि दाराशी पोचेपर्यंत हिशेब डोक्यात आला. चार हजार चारशे साठ उरले. यांचं काय? तिथेच बाकावर बसलो. सेल्मा म्हणाली, "उक्की, रंग का उडाला तुमचा?"

एवढ्यात खिडकीवरची मुलगी मागून धावत आली. "ही यादी राहिली." एक कागद होता. वर लिहिलं होतं: अभ्यासक्रमासाठी आवश्यक हत्यारं, विद्यार्थ्याने स्वतःची आणावीत. खाली त्रेचाळीस नावं.

मी वाचायला लागलो. अर्ध्या इंची चौकोनाचे सॉकेट, खोल आणि उथळ. ताण मोजणारा पाना. फट मोजायच्या पात्या. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा. बचत योजनेचे इतके कागद आले, कॉलेजचे आले, करवाल्यांचे आले. पहिल्यांदाच एक कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कोणाला न विचारता कळला. सतराव्या ओळीत तर त्यांची चूकच आहे. त्या मापाचा पाना डिझेलच्या कामात पुरत नाही, मोठा लागतो.

गाडीतूनच योजनेच्या कचेरीला फोन लावला. नेमकी तीच बाई.

"मला करसल्ला देता येत नाही, मिस्टर कार्व्होनेन."

"नकाच देऊ. हत्यारं."

"हत्यारं?"

"नातीला शिकायला. कॉलेजची यादी आहे."

"कॉलेजने ‘आवश्यक’ असं लिहून दिलंय?"

"सगळ्यात वर. मोठ्या अक्षरात."

"मग तो कागद आणि पावत्या एकत्र ठेवा," ती म्हणाली. तिच्या आवाजावरून ती हसत असावी. "आणि पावत्या या वर्षीच्या हव्यात."

"उद्या तीस तारीख," मी म्हटलं.

"कॅलेंडर आहे माझ्याकडे."

३० डिसेंबर, शनिवार

साठ मैलांवरचं हत्यारांचं मोठं दुकान उघडायच्या आधी आम्ही दारात. आज लेम्पीही आली, आमच्यावर लक्ष ठेवायला. विद्यार्थ्यांना तिथे सवलत आहे. पावणेतीन तास लागले. सेल्मा एक उचलायची, मी दुसरं.

"हे हलकं आहे, उक्की. हाताला बरं."

"हलकं ते थंडीत तुटतं. शून्याखाली वीसमध्ये धरून बघ."

"गॅरेजात हीटर असतो."

"रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकमध्ये असतो का?"

मग ती माझं घ्यायची. पण जॅकच्या बाबतीत तिचं बरोबर निघालं, तेही लिहून ठेवतो. लेम्पी दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीवर बसून होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "दोघंही माझ्याबरोबर नाहीत."

शेवटी एकच ओळ राहिली, त्रेचाळिसावी: हत्यारांवर खूण कोरायची विजेची लेखणी. तिची किंमत सेहेचाळीस डॉलर एकोणीस सेंट. बर्फाच्या पैशांतले त्रेचाळीस डॉलर साठ सेंट उरले होते. वरचे दोन डॉलर एकोणसाठ सेंट मी स्वतःच्या खिशातून दिले. दुकानदाराने सगळ्या पावत्या टाचल्या. मी प्रत्येकीवरची तारीख वाचली. तो म्हणाला, "काका, सगळ्या आजच्याच आहेत. सकाळपासून आजच आहे."

३१ डिसेंबर, रविवार

चर्चनंतरच्या कॉफीला वॉली भेटलाच. "काय म्हणते हिशेबनीस?"

"हिशेब सोडला तिने. मोठे ट्रक दुरुस्त करायला शिकणार आहे."

त्याने कप खाली ठेवला. मी तयारीत होतो. मग तो म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरला सुरू होताना धूर येतो. बघेल का?"

"रांग आहे," मी म्हटलं.

दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी चादर पसरून सगळी हत्यारं मांडली. खूण कोरली नाही तर गॅरेजात आठवड्यात निम्मी दुसऱ्याच्या पेटीत जातात. सेल्मा यादीवर बरोबरच्या खुणा करत होती, मी लेखणी धरली. माझा हात आता थरथरतो, पण पोलादावर टेकवला की स्थिर होतो.

"काय कोरू? एस के?"

"नुसतं के कोरा."

"के माझी खूण आहे. माझ्या जुन्या पेटीतल्या सगळ्या हत्यारांवर तीच आहे. उद्या दोन्ही पेट्या एकत्र झाल्या तर कुठलं कोणाचं ते कळणार नाही."

"चालेल," ती म्हणाली.

व्यवहाराच्या दृष्टीने हे बरोबर नाही, मी तिला तसं सांगितलंही. पण ती ऐकत नाही. सगळ्या हत्यारांवर के कोरून झालं. लेम्पी ओट्याकडे तोंड करून निसूचं, म्हणजे आमच्या गोड पावाचं, पीठ मळत होती. वेलदोड्याचा वास घरभर होता, आणि ती नाक पुसत होती.

पावत्या, यादी आणि बँकेचा कागद कॉफीच्या डब्यात ठेवून झाकणावर चिकटपट्टी लावली. कॅलेंडर परत खिळ्यावर टांगलं. उद्या एक जानेवारी, म्हणजे हंगामाचा तिसरा महिना. मी एकतीस तारखेखाली पेनने एक जाड रेघ मारली, पुढच्या वर्षी विसरायला नको म्हणून. सेल्माने मागून पाहिलं आणि पुढचं पान उलटून आठ तारखेभोवती काळ्या बोटाने गोल काढला. पेन नव्हतं तिच्याकडे. उमटला मात्र नीट.